काट्यापासून सुरुवात करा : भाताची सहकारी संस्था उभारणाऱ्या शेतकऱ्यांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

मुरबाड तालुक्यातील एका वृद्ध शेतकऱ्याच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "आजोबा, तुमच्या गावची सहकारी संस्था कशी स्थापन झाली?" आजोबांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि पंचवीस मिनिटे भाषण केले. त्यात उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची नावे होती, हारतुरे होते, सहकाराचे महत्त्व होते. स्वतः आजोबा मात्र त्यात कुठेच नव्हते. चहा आला म्हणून मी मुद्रण थांबवले आणि बोलता बोलता विचारले, की भात विकायला नेल्यावर काट्यापाशी कोण उभे राहायचे. आजोबा कप खाली ठेवून उठले. व्यापाऱ्याच्या दारात टांगलेली तागडी, पोते अजून झुलत असतानाच आकडा पुकारणारा मापाडी, वजनातून ओलाव्याचा म्हणून वजा होणारा कडता, आणि पुढे संस्थेचा काटा आल्यावर आकडा वाचण्यासाठी आपल्यातलाच एक जण उभा करण्याचा गावाने धरलेला आग्रह, हे सगळे त्यांनी हातवारे करून दाखवले. माझे यंत्र तेव्हा बंद होते.

ठाण्याला परतताना एसटीत बसून मी नवी प्रश्नावली लिहिली आणि तिच्यात 'संस्था' हा शब्द पहिल्या दोन पानांत येऊ दिला नाही. पुढील सूचना त्या प्रश्नावलीतून आणि नंतरच्या बैठकांतून तयार झालेल्या आहेत. शहापूर, मुरबाड, भिवंडी, वाडा या पट्ट्यात भाताच्या खरेदी-विक्री संस्था, विविध कार्यकारी सोसायट्या आणि भातगिरण्या ज्यांनी उभ्या केल्या, ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि तिच्यातील अनेक जण गाव सोडून मुलांकडे ठाण्यात, डोंबिवलीत, ऐरोलीत किंवा खारघरला सदनिकांमध्ये राहतात. म्हणजे आठवणी गोळा करण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. कधी कधी त्या आपल्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दुपारची झोप लागत नाही म्हणून खिडकीत बसलेल्या असतात.

गव्हाच्या मुलखातून घेण्यासारखे

प्रश्न काट्यापासूनच का सुरू करावेत, हे नीट समजून घ्यायचे असेल तर कॅनडातील गव्हाच्या मुलखाचा इतिहास उपयोगी पडतो. मॅनिटोबा, सॅस्कॅचवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांतील सपाट गवताळ प्रदेशाला तिकडे प्रेअरी म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील शेतकरी गहू गाडीत भरून रेल्वेमार्गालगतच्या लाकडी कोठारांवर नेत असे. या उंच कोठारांना एलेव्हेटर म्हणत आणि ती बहुतांशी कंपन्यांच्या मालकीची असत. वजन कंपनी करणार, प्रत कंपनी ठरवणार, कचरा-मातीची घट कंपनीच कापणार, असा तो व्यवहार होता. आपल्याकडे ज्याला कडता म्हणतात तोच हा प्रकार, केवळ गोऱ्या मुलखातला. ज्याला हे मान्य नसेल त्याने स्वतः रेल्वेची वॅगन मागवून गहू भरावा, अशी सोय कायद्याने केली होती, परंतु वॅगन कोणाला आधी द्यायची हे स्थानकावरचा रेल्वेचा अधिकारी ठरवत असे आणि तो कंपन्यांना झुकते माप देत असे. १९०१ साली इंडियन हेड या गावी शेतकऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि १९०२ साली सिंटालूटा येथील शेतकऱ्यांनी अशाच एका रेल्वे अधिकाऱ्याला न्यायालयात खेचले. वॅगन मागणीच्या क्रमानेच दिली पाहिजे, असा निकाल लागला, अधिकाऱ्याला दंड झाला आणि हा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला.

त्यानंतरचे सारे या एका वॅगनच्या भांडणातून वाढत गेले. १९०६ साली शेतकऱ्यांनी स्वतःची धान्य कंपनी काढली. नफा सभासदांना त्यांच्या मालाच्या प्रमाणात वाटण्याची तिची योजना विनिपेगच्या धान्य बाजाराला मानवली नाही आणि काही काळ तिला तेथे सौदे करण्यास मनाई झाली. १९११ साली सॅस्कॅचवानमध्ये सहकारी एलेव्हेटर कंपनी उभी राहिली. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने नेमलेले गहू मंडळ १९२० साली बंद झाले, भाव कोसळले, आणि १९२३ च्या ऑगस्टमध्ये आरन सपायरो या कॅलिफोर्नियाच्या वकिलाने सॅस्कॅटूनला येऊन पाच वर्षांच्या कराराने सगळा गहू एकत्र विकण्याची कल्पना मांडली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत अल्बर्टात आणि १९२४ साली उरलेल्या दोन प्रांतांत गव्हाचे 'पूल' सुरू झाले. ज्याने उसाचे बिल कधी घेतले आहे त्याला पूलची पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही: माल घालताच पहिली उचल, हंगामात मधला हप्ता आणि सगळा माल विकून झाल्यावर अंतिम बिल, भाव मात्र साऱ्या सभासदांना सारखा, मग कोणी गहू सप्टेंबरात घातला असो वा मार्चमध्ये.

यातून आठवणी टिपणाऱ्याने एवढेच उचलावे, की सहकाराचे तत्त्वज्ञान नंतर आले, आधी वजन, प्रत आणि वाहन या तीन ठिकाणी झालेला अपमान आला. आपल्या भातपट्ट्यात वॅगनच्या जागी बैलगाडी होती आणि कंपनीच्या जागी गावचा सावकार-व्यापारी, जो आषाढात खावटी, म्हणजे खाण्यापुरते उसने धान्य किंवा पैसे, देत असे आणि मार्गशीर्षात खळ्यावरूनच भात उचलून नेत असे. म्हणून प्रश्नही खळ्यापासून निघावा. भात झोडल्यावर पहिली पायली कोणाच्या नावाने बाजूला काढली जात असे? गाडी कोणाची असे? बारदान कोण देत असे आणि त्याचे पैसे कोण कापत असे? तोलाई, हमाली आणि धर्मादाय यांच्या नावाने काय काय वजा होई? संस्थेचे नाव या उत्तरांत आपोआप येते, आणि ते आले की मग तिथून पुढे विचारावे.

बसण्यापूर्वीची तयारी

बैठकीला जाण्याआधी काही तारखा कागदावर मांडून ठेवाव्यात, कारण वृद्ध माणसाला साल आठवत नाही, परंतु सालाशेजारचा प्रसंग आठवतो. कायद्यांची रांग अशी आहे: पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, सर्व प्रकारच्या सहकारी संस्थांना वाट देणारा १९१२ चा, मुंबई प्रांताचा स्वतंत्र कायदा १९२५ चा, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, जो २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गोरवाला समितीचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के असल्याचे त्यात दिसून आले, आणि कर्ज व विक्री यांची सांगड घालावी, सरकारने भागभांडवल द्यावे, गोदामे बांधावीत, अशा शिफारशी त्यात होत्या. तालुक्याच्या ठिकाणच्या जुन्या खरेदी-विक्री संघांची आणि गोदामांची गोष्ट ऐकताना हा संदर्भ मनात असलेला बरा. 'तेव्हा सरकारने पैसे दिले' असे आजोबा म्हणाले, तर ते कोणते पैसे, हे आपल्याला विचारता आले पाहिजे.

ठाणे जिल्ह्यापुरती एक तारीख फार कामाची आहे. १ एप्रिल १९५७ रोजी कूळकायद्याचा कृषक दिन होता, म्हणजे कसणाऱ्या कुळाला कायद्याने जमिनीचा मालक मानले गेले, आणि त्याच दिवशी देशात दशमान नाणी, नवे पैसे, चलनात आले. दोन गोष्टी एकाच दिवशी! 'आणे होते की नवे पैसे?' एवढा एकच प्रश्न विचारला तरी सांगणारा तेव्हा कूळ होता की खातेदार, आणि संस्थेचा भाग घेताना त्याच्याकडे स्वतःच्या नावाचा सातबारा होता की नव्हता, याचा अंदाज बांधता येतो. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला कर्ज मिळणे कठीण, आणि ज्याला कर्ज नाही त्याचे भात सावकाराच्या खळ्यातून सुटत नाही, ही साखळी अनेकांच्या आठवणीत सालाशिवाय साठवलेली असते. याखेरीज ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ आणि रेशनवर आलेला लाल मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, १९७५ ची आणीबाणी, या खुणा बहुतेकांना चालतात. नवी मुंबईच्या गावांत नवे शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची १९७० सालची स्थापना आणि भूसंपादनाविरुद्धचे जानेवारी १९८४ मधील जासईचे शेतकरी आंदोलन या दोन खुणा इतर साऱ्यांपेक्षा पक्क्या ठरतात.

जिल्ह्याच्या सीमाही तपासाव्यात. १ ऑगस्ट २०१४ पूर्वीच्या कागदावर 'ठाणे जिल्हा' लिहिलेले असेल तर त्यात आजचा सगळा पालघर जिल्हा येतो, आणि पनवेल-उरणकडची जुनी कागदपत्रे कुलाबा या नावाखाली सापडतात, कारण रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. वाड्याच्या झिणी तांदळाविषयी ठाण्याच्या दप्तरात शोधायला हवे आणि उरणच्या खारातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, भाताविषयी कुलाब्याच्या. माझा एक पूर्ण आठवडा हे न कळल्यामुळे वाया गेला आहे.

मण, खंडी, पायली

मापांसाठी स्वतंत्र वही ठेवावी, असा माझा आग्रह आहे, कारण आठवणींच्या नोंदीत सर्वाधिक चुका येथे होतात. मेट्रिक वजने १९५६ च्या कायद्याने आली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने रुळली. परंतु गावात माप आणि वजन यांत मुळातच फरक होता. पायली हे मापाचे नाव, चार शेरांची पायली, आणि ती भरण्याच्या पद्धतीवर सारे अवलंबून असे. माप शिगेपर्यंत भरले की काठाशी सपाट केले, यात भांडण आणि नाते दोन्ही लपलेले असते. देताना सपाट आणि घेताना शीग, ही सावकाराविषयीची तक्रार जवळजवळ प्रत्येक बैठकीत ऐकू येते.

खंडी म्हणजे वीस मण हे सगळेच सांगतात, पण मण कोणता हे कोणी सांगत नाही. बंगाली मण चाळीस शेरांचा, सुमारे ३७.३२ किलोचा होता. जुना मुंबई मण सुमारे १२.७ किलोचा, म्हणजे त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. त्यामुळे 'त्या वर्षी आम्ही दहा खंडी भात संस्थेला घातला' हे वाक्य किलोत बदलण्याची घाई करू नये. शब्द जसा आला तसा लिहावा आणि शेजारी सांगणाऱ्यालाच विचारून खुलासा टाकावा: त्या खंडीची किती पोती होत, एक पोते उचलायला किती माणसे लागत, आणि गिरणीतून आल्यावर तांदूळ किती होई. शंभर किलो भाताचा तांदूळ साधारण पासष्ट ते सदुसष्ट किलो उतरतो, म्हणून भात आणि तांदूळ या दोन शब्दांतही गोंधळ होऊ देऊ नये. शहरात वाढलेल्या मुलाखतकाराकडून 'भात' म्हणजे ताटातला, असे समजून प्रश्न विचारले गेलेले मी ऐकले आहेत. गव्हाच्या मुलखातही हाच घोळ होता. बुशेल हे मुळात मापाचे नाव, पण गव्हाच्या व्यवहारात ते साठ पौंडांचे, सुमारे २७.२ किलोचे वजन ठरलेले होते. हलका, पोचट गहू असेल तर माप भरूनही वजन भरत नसे.

भाताच्या जातींची नावेही याच वहीत लिहावीत. झिणी, कोलम, खारातला राता ही जुनी नावे आणि त्यांच्यानंतर आलेली जया, रत्ना, कर्जतच्या संशोधन केंद्राची वाणे, यांचा क्रम लागला की सालांचा क्रम आपोआप लागतो. जया १९६८ साली प्रसारित झाली. 'संस्थेच्या गोदामातून जयाचे बियाणे आणले' असे कोणी म्हणाले, तर ती आठवण त्याच्या आधीची असू शकत नाही.

प्रत्यक्ष बैठक

वेळ सकाळी अकराच्या सुमाराची असावी. पाणी भरून झालेले असते, कुकर अजून लागलेला नसतो आणि आजोबांची औषधे घेऊन झालेली असतात. घोडबंदर रस्त्याच्या बाजूची खिडकी लावून घ्यावी. पंखा बंद करता येत नसेल तर निदान फोन पंख्याच्या थेट खाली ठेवू नये. घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा, म्हणजे टेबलावर कप आपटल्याचा आवाज येत नाही. फोन विमान मोडवर टाकावा. मुद्रण शक्यतो वेव्ह स्वरूपात करावे; तासाभराच्या एकेरी मुद्रणाला साधारण ३२० एमबी जागा लागते, तेवढी आधी मोकळी करावी. सुरुवातीला दिनांक, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव आपल्याच आवाजात नोंदवावे. चहा आला तरी यंत्र बंद करू नये. कारण मी वर सांगितले आहेच.

एका बैठकीला सव्वा तास पुरे. थकवा बोलण्यात दिसण्याआधी हातांत दिसतो: हातवारे थांबले की थांबावे. दुसरी बैठक आठवड्याने ठेवावी, लगेच दुसऱ्या दिवशी नको. मधल्या दिवसांत माणूस रात्री जागून आठवत राहतो, सुनेला सांगतो, गावी फोन लावून विचारतो, आणि दुसऱ्या बैठकीत तो स्वतःच पहिलीतील चुका दुरुस्त करत बसतो. उत्तम मजकूर मला बहुधा तिथेच मिळाला आहे.

वस्तू हातात दिल्या की जीभ सुटते. भागाचा दाखला, संस्थेचे पासबुक, खतांच्या पावत्या, वार्षिक सभेची नोटीस, बारदान शिवण्याचा दाभण, जुनी पायली, यांपैकी घरात जे असेल ते मागून घ्यावे. ऐरोलीतील एका घरात कपाटाच्या वरच्या खणातून लोखंडी पट्टी मारलेली लाकडी पायली निघाली; तिच्यात आता नातवंडांचे क्रिकेटचे चेंडू होते. आजोबांनी चेंडू काढले, पायली उलटी करून तिच्या बुडावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि पुढची चाळीस मिनिटे मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. बेलापूर पट्टीतील त्यांच्या खाचरांवर आज रस्ता आणि इमारती आहेत, त्यामुळे शेताची जागा दाखवायला त्यांच्याकडे काही उरलेले नव्हते. पायली तेवढी होती.

घरातील बायकांना स्वतंत्र बसवून विचारावे, आणि हे शिष्टाचार म्हणून नव्हे. सभासद नोंदवहीत नाव पुरुषाचे असले, तरी भात वाळवणे, पाखडणे, कणगीत भरणे, किती घरी ठेवायचा आणि किती विकायचा याचा हिशेब, हे काम बाईचे होते. संस्थेला भात घालण्याचा निर्णय चावडीवर झाला असेल, पण कणगीचे तोंड कोणी उघडले, हे आजीच सांगू शकते. आजोबा शेजारी बसले असतील तर मात्र आजी 'त्यांनाच विचारा' एवढेच म्हणतात. म्हणून आजोबांना खाली फेरी मारायला पाठवण्याची व्यवस्था आधीच नातवाकडे सोपवावी. प्रेअरीवरही शेतकरी चळवळीची स्त्रियांची बाजू व्हायोलेट मॅकनॉटन यांच्यासारख्या कार्यकर्तीमुळे टिकली. १९१४ साली सॅस्कॅचवानमधील धान्य उत्पादक स्त्रियांच्या संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या आणि पुढे पंचवीस वर्षे शेतकऱ्यांच्या एका साप्ताहिकाचे स्त्रियांचे पान त्यांनी चालवले. आपल्याकडे असे पान क्वचितच कोणी चालवले, त्यामुळे ती उणीव मुलाखतीनेच भरून काढावी लागते.

नाजूक विषय

लेव्ही (सरकारला सक्तीने घालावे लागणारे धान्य), जिल्हाबंदी (धान्य जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई) आणि काळा बाजार हे विषय निघतातच. सरकारी खरेदीच्या वर्षांत संस्थेचे गोदाम हेच लेव्ही घालण्याचे ठिकाण असले, तर लोकांच्या मनात संस्था आपली की सरकारची, याविषयी दोन मते असतात आणि दोन्ही खरी असतात. एखादी आजी सांगेल, की लुगड्याच्या घडीत तांदूळ बांधून आपण कसाऱ्याच्या लोकलने मुंबईला नेत होतो आणि कल्याणला पोलीस चढले की पोटावरून हात फिरवत गरोदर असल्याचे भासवत होतो. हसावे, पण खोदून नावे विचारू नयेत. हा भाग जाहीर करायचा की नाही, हे तिलाच दुसऱ्या दिवशी, तिच्या मुलांच्या अनुपस्थितीत विचारावे.

संस्था बुडाली असेल तर तो विषय टाळू नये, मात्र तेथे प्रश्न 'कोणी खाल्ले?' असा असू नये. संस्थेत घोळ झाला असे लोक सांगतात तेव्हा त्यांच्या मनात एक माणूस असतो, आणि तो माणूस उत्तर द्यायला बहुधा हयात नसतो. त्याऐवजी, शेवटचा हप्ता कधी मिळाला आणि त्यानंतर पुढचे भात कोणाला घातले, असे विचारावे. प्रेअरीच्या पूलांचे काय झाले हे येथे आठवावे. १९२९ साली त्यांनी सभासदांना बुशेलमागे एक डॉलर पहिली उचल दिली, नंतर बाजार त्याच्या खाली गेला आणि दिलेली उचल विक्रीतून वसूल होईना. सभासदांना मिळून दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम जादा गेली होती. प्रांतिक सरकारांनी बँकांना हमी दिली आणि पूलांना ते कर्ज पुढे अनेक वर्षे फेडावे लागले. तिन्ही प्रांतांची सामाईक विक्रीव्यवस्था १९३१ साली मोडली. तिथे कोणी पैसे खाल्ले नव्हते; बाजाराचा अंदाज चुकला होता. आपल्याकडील बंद पडलेल्या भातगिरणीची हकिकत ऐकतानाही, वाईट माणसाइतकेच वाईट साल शोधावे.

आठवण आणि कागद

ऐकलेली गोष्ट कागदाशी ताडून पाहावी, पण आठवणीला खोटे पाडण्यासाठी नव्हे. सॅस्कॅचवानमध्ये पूलच्या करारासाठी स्वयंसेवक घरोघर फिरले ती मोहीम एखाद्या लाटेसारखी झाली, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात गव्हाखालील निम्मे क्षेत्र करारात आणण्यासाठी ठेवलेली सप्टेंबर १९२३ ची मुदत हुकली होती आणि सह्या पुढच्या वर्षापर्यंत गोळा कराव्या लागल्या. आपल्या गावातही 'एका रात्रीत शंभर सभासद झाले' असे ऐकू आले, तर सभासद नोंदवही उघडावी. बहुधा पहिल्या वर्षी वीस-बावीस नावे असतात, मग दोन कोरी पाने, आणि मग एकाच शाईत लिहिलेली लांबलचक यादी. ती कोरी पाने काय सांगतात, हे पुन्हा आजोबांकडे जाऊन विचारावे. सगळ्यात रोचक प्रश्न माझ्या मते हाच असतो.

नोंदवही पाहण्याचा अधिकार सभासदाला आहे. अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी त्याला कार्यालयीन वेळेत पाहता येतात. त्यामुळे आजोबांचे सभासदत्व अजून चालू असेल तर त्यांच्या सहीचा साधा अर्ज घेऊन त्यांच्यासह जावे. आपण एकटेच, पाठीला पिशवी अडकवून गेलो तर सचिवाला आपण तपासणीसाठी आलो आहोत असे वाटते आणि दप्तराची किल्ली नेमकी त्या दिवशी तालुक्याला गेलेली असते. संस्था अवसायनात निघाली, म्हणजे कायद्याने गुंडाळली गेली, असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात नोंदणी क्रमांकावरून चौकशी करावी. आदिवासी भागात १९७२ साली स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ आणि आदिवासी विविध कार्यकारी संस्था, तर इतरत्र पणन महासंघ, असे भात खरेदीचे दोन वेगळे मार्ग असल्याने कोणत्या दप्तरात शोधायचे हे गावावरून ठरते. १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत स्थानिक स्मरणिका आणि वृत्तपत्रे आहेत का, हेही विचारून पाहावे.

लिहून काढताना

एका तासाचे मुद्रण उतरवायला सहा ते आठ तास लागतात, हे गृहीत धरून चालावे. बोली बदलू नये. आगरी बोलणारा 'मळणी'ला 'मलनी' आणि 'घोडा'ला 'घोरा' म्हणत असेल तर तसेच लिहावे. ते शुद्ध केले की त्याच्या गावाचा पत्ता पुसला जातो. थांबणे, हसणे, उठून दाखवणे हे चौकटी कंसात नोंदवावे. आपले प्रश्नही पूर्ण लिहावेत, कारण उत्तर कोणत्या प्रश्नाला आले हे वाचणाऱ्याला कळायला हवे. आणि मूळ ध्वनिफीत कापू नये. वापरासाठी कापायची ती प्रत वेगळी ठेवावी, तिसरी प्रत दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी असावी.

संमती लेखी घ्यावी, आणि तिच्यात तीन रकाने असावेत: फक्त कुटुंबासाठी, ग्रंथालयात ठेवण्यासाठी, किंवा सर्वांसाठी खुले. खूण त्यांनी स्वतः करावी. पहिल्या बैठकीच्या आधी घेतलेली संमती दुसरीच्या नंतर पुन्हा विचारून पक्की करावी, कारण आपण काय काय बोलणार आहोत हे पहिल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

शेवटी उतारा मोठ्या अक्षरांत छापून सांगणाऱ्याच्या हातात द्यावा आणि शेजारी पेन्सिल ठेवावी. मुरबाडच्या आजोबांना मी त्यांची तिसरी बैठक अशी छापून दिली, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पहिले पान दोनदा वाचले आणि काट्याच्या वर्णनाशी थांबले. काटा दाराच्या उजव्या हाताला होता असे त्यांनी सांगितले होते. आता ते म्हणाले, डाव्या हाताला, कारण उजवीकडे बैल बांधायचा खुंटा होता. अशा वेळी मूळ वाक्य खोडू नये. समासात नवे म्हणणे लिहावे, त्याखाली त्या दिवसाची तारीख घालावी आणि त्यांची सही घ्यावी.